इंद्राच्या लग्नाची माती

"चहा खारट लागतोय."

सुग्रीम हे कपाशी बोलला, बायकोशी नव्हे. पण स्वयंपाकघर एवढंसं, की कपाशी बोललेलंसुद्धा चुलीपर्यंत ऐकू जायचं.

"तोंड खारट असंल तुमचं," धनेश्री पाठमोरीच म्हणाली. "घाला आनखी एक चमचा साखर."

त्यानं दोन घातले आणि गपचूप पिऊन टाकला. पावसाच्या पाण्याची टाकी यंदा लवकर तळाला गेली होती, म्हणून चहाला तळ्याचं पाणी होतं. तळं घरामागं, आणि तळ्यामागं बांध. त्या दोघांत काय चाललंय, हे चहाच्या कपात कळायला लागून सहा महिने झाले होते. फ्राउ मारियातल्या बायका एकमेकींशी अवाक्षर न बोलता डाळीत मीठ कमी घालायला शिकल्या होत्या. कुणी कुणाला शिकवलं नाही. सगळ्यांच्या डाळी मात्र नीट व्हायच्या.

फ्राउ मारिया म्हणजे मोठ्या नदीच्या मुखातल्या बेटाचा एक तुकडा. साखरेच्या मळ्याचं जुनं नाव गावाला चिकटलं ते चिकटलंच. ऊस गेला, कारखान्याचं धुराडं अर्धं पडलं, आता बांधालगत मालकाची नारळाची वाडी आणि तिच्यापल्याड गावाचं भात. मधल्या एकाच रस्त्यावर खांबांवर उभी घरं. मालक शहरात राहायचा आणि नारळ मोजायला माणूस पाठवायचा. बांधाकडं बघायला कुणाला पाठवत नसे. भरती आली की नदी गावापेक्षा उंच व्हायची. लहान पोरंसुद्धा बांधाखाली खेळताना डोक्यावरून जाणाऱ्या होडीला हात हलवायची, आणि त्यात कुणाला नवल वाटायचं नाही.

बांधाच्या पोटात जाड लाकडाची उघाडी होती. ओहोटीला दार वर ओढायचं, शेतातलं पाणी नदीत सोडायचं. भरती फिरली की दार खाली. एकोणतीस वर्षं हे काम सुग्रीमकडं होतं. दिवसातून दोन वेळा उघडायचं, दोन वेळा लावायचं, मग दिवाळी असो की घरात मयत. माणूस अबोल. लोक म्हणायचे, त्याचं सगळं बोलणं साखळीच्या करकरीतच संपून जातं.

आज शुक्रवार होता. रविवारी इंद्राचं लग्न.

इंद्रावती त्यांची एकुलती एक. वय एकोणतीस. चार वर्षांमागं ठरलेलं एक लग्न हळद लागल्यावर मोडलं होतं, नवऱ्याकडच्या म्हातारीला वाईट स्वप्न पडलं एवढ्यावर. आता नदीपलीकडचा मुलगा मिळाला होता. शाळेत मास्तर, हसरा, आणि मुख्य म्हणजे इंद्राला आवडलेला. सोमवारपासून पितरांचा पंधरवडा लागत होता. म्हणजे रविवार ही शेवटची तारीख. आणि रविवारी पौर्णिमा. पौर्णिमेचं उधाण.

"आज पानी किती वाजता भरंल?" धनेश्रीनं विचारलं.

"चारला."

"आन् रविवारी?"

सुग्रीमनं कप उपडा घातला. "फेरे किती वाजता?"

"चार-साडेचार. पंडित वेळेवर आला तर."

"मग पानी बी तवाच, पाचला," तो म्हणाला, आणि टोपी घालून निघाला. पायरीवर थांबला. "लग्नाच्या मातीला आज तू जानार न्हवं?"

"मी न्हाई तर कोन जानार? आई हाय मी नवरीची."

"बांधातल्या पोत्यांना कुदळ लावू नको. बाजूनं खन. पानी निगालं तर बग, कसं हाय. निवळ आलं तर घाबरायचं न्हाई, पाझर असतो. गढूळ आलं तर..." त्यानं टोपी पुढं ओढली. "गढूळ म्हंजे आतली माती चाललीय."

"लगीनघर हाय हे," धनेश्री म्हणाली. "आजच्या दिवशी तोंडातनं वंगाळ काडू नका."

तो गेला. ती मात्र उंबऱ्यात उभी राहिली. हळद लागल्यापासून फेरे होईतो लगीनघरात कुणी अशुभ बोलायचं नाही, हा नियम तिच्या आईनं तिला शिकवला होता आणि तिनं इंद्राला. नियम सोपा होता. यंदा तो सगळ्या गावाच्याच फार सोयीचा झाला होता.

मातीचं असं होतं. लग्नाआधीच्या शुक्रवारी बायका ढोल घेऊन बांधावर जायच्या, पूजा करायच्या, आणि नवरीची आई कुदळीनं माती खणायची. त्या मातीची वेदी. दुसऱ्या गावांत कुठलीही स्वच्छ जागा चालते. फ्राउ मारियात बांधाचीच माती लागायची, तीही एकाच जागेची, उघाडीच्या उजव्या हाताला, लाल झेंड्याच्या बांबूखालची. उसाच्या मजुरीला हिंदुस्थानातून बोटीनं आणलेल्या पहिल्या आज्यांनी ठरवलं होतं, की बांधानं नदी अडवली तसा पोरींचा संसार टिकावा. प्रत्येक लग्नाला एक टोपली माती. टोपली काही मोठी नसते. पण लग्नं पुष्कळ होतात. आता तिथं म्हैस बसेल एवढी खोलगट बखोल झाली होती. बांधाबाहेरची खारफुटी लग्नांच्याच चुलाणांत जळून गेली होती, चारशे माणसांच्या सात भाज्या काही हवेवर शिजत नाहीत. त्यामुळं लाटा थेट बांधाला लागायच्या, आणि आतून खेकडे आपलं काम करत होतेच.

सुग्रीमनं होळीनंतर ती बखोल भाताच्या पोत्यांत चिकणमाती भरून बुजवली. एकट्यानं, पहाटे पहाटे. गावानं सकाळी पोती पाहिली. कुणी विचारलं नाही. सरपंच मोहाबीर तेवढा म्हणाला, "बरं केलंस, पोरं पडत व्हती त्यात."

दुपारी शेजारची मिस युलाली केळीच्या पानात बांधलेला खोबऱ्याचा गोड पाव घेऊन आली. काळी, उंच, सत्तरीची बाई. नारळाचं तेल काढून विकायची. मांडवाखाली इंद्रा हळदीनं पिवळीधम्मक होऊन बसली होती.

"काय गं सोन्याचं भांडं," युलाली म्हणाली, "तुला बघून नवरा आंधळा व्हायचा."

"आधीच चष्मा हाय त्याला, मावशी."

"मग बरंय. काडून ठेव म्हनावं पहिल्या रात्री. चूक झाली तरी कळायची न्हाई."

बायका खिदळल्या. युलाली हसत हसत धनेश्रीच्या मागं स्वयंपाकघरात आली आणि तिथं तिचं हसू संपलं.

"वाडीतल्या पुढच्या रांगेचे माड बगितलेस, धन?"

"लगीनघरात माडांना कोन बगतं?"

"शेंडे पिवळे पडलेत. तेल निगत न्हाई, नुसतं पानी." तिनं मांडवाकडं मान वळवली. "मांडव बांधाखालीच घातलाय तुमी."

"तितं सावली असती पाचला."

"सावली असती खरी," युलाली म्हणाली. "माज्या पणज्याच्या बापानं हा बांध घातलाय, गुलामीत, पाठीवर चाबूक खाऊन. तो म्हनायचा म्हनं, नदी काय इसरत न्हाई." धनेश्रीनं डाळ ढवळायला घेतली, ढवळायची गरज नसताना. "जाऊ दे. मी माज्या बकऱ्या उद्या भनीकडं पाठवतीय, वरच्या गावाला."

"लग्नाला ऱ्हानार न्हवं तू?"

"मी ऱ्हाईन की. बकऱ्यांना कुटं निमंत्रण हाय?"

त्यावर दोघीही हसल्या नाहीत. मग धनेश्रीच्या ध्यानात यायला लागलं. मोहाबीरनं गायी हलवल्या होत्या, "चाऱ्यासाठी". शेजारच्या रामकुमारीनं धाकट्या पोरांना आजोळी धाडलं होतं, "लग्नात मस्ती करत्यात म्हणून". भात कापायला तीन आठवडे होते, तरी दोघातिघांनी हिरवंच कापायला घेतलं होतं, "पाखरं फार झालीत" म्हणून. सगळं गाव कारणं सांगत होतं. आणि रविवारी पाचला सगळं गाव तिच्या मांडवाखाली बसणार होतं, कारण न जाणं म्हणजे बोलणं झालं असतं.

साडेतीनला ढोल वाजला. फुलबसिया आजी पुढं. शहाऐंशी वर्षांची, दात दोन, पण गाणी अशी की लग्न झालेल्याही लाजायच्या. या मिरवणुकीत पुरुषांना मज्जाव, म्हणून बायकांना तोंडं मोकळी. नवरदेवाच्या काकाच्या धोतरापासून सुरू झालेलं गाणं रस्ता संपेपर्यंत भलतीकडं पोचलं. धनेश्री मध्ये, डोक्यावर टोपली, हातात शेंदूर लावलेली कुदळ. हसू येत होतं तिला. आपल्या पोरीच्या मातीला जाताना बाईला हसू येणारच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरींसाठी नाचली होती ती.

बांधावर चढल्या आणि पलीकडं नदी दिसली. मातकट, रुंद, गच्च भरलेली. माथ्यापासून वीतभर खाली. रविवारचं उधाण तर अजून दोन दिवस लांब होतं. वारा नव्हता. तरी पाणी बांधाला हळू हळू ढुशा देत होतं, गाईचं वासरू देतं तसं. गाणं एक कडवं चुकलं, मग पुन्हा लागलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

उघाडीवर सुग्रीम पाठ करून उभा होता. बायकांच्या कामात त्यानं बघायचं नव्हतं. पण त्याच्या मानेवरून धनेश्रीला कळलं, की तो ऐकतोय.

आतल्या उतारावर, झेंड्याखाली, आजीनं पाच सुपाऱ्या आणि फुलं ठेवली, पाणी शिंपडलं. "खन गं बाये."

धनेश्रीनं पोत्यांची बाजू सोडून कुदळ घातली. एक घाव. माती ओली, भुसभुशीत, हाताला थंड. टोपलीत घातली. दुसरा घाव. कुदळ आत गेली ती अडलीच नाही, पोकळीत गेल्यासारखी दांड्यापर्यंत गेली. तिनं ओढून काढली. मागोमाग पाणी आलं, करंगळीएवढं.

निवळ होतं.

"पाझर असतो," ती स्वतःशी म्हणाली.

"काय गं?" आजीनं कान पुढं केला.

"काय न्हाई आजी."

"मग घाल आनखी दोन घाव. टोपली भरली पायजे. माज्या टायमाला दोन टोपल्या काडल्या व्हत्या."

ढोल घुमत होता. इंद्राची मैत्रीण कंबर हलवून नाचत होती, बाकीच्या टाळ्या देत होत्या. धनेश्रीनं बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं. मिठासारखं खारं. सकाळचा चहा त्या मानानं अमृत होता. तिनं बघितलं, तर धार अंगठ्याएवढी झाली होती. आणि बघता बघता रंग बदलला. आधी तांदळाच्या धुवणासारखा, मग दूध घातलेल्या चहासारखा. खालच्या गवतावर माती साठायला लागली, बारीक, मऊ, चाळल्यासारखी. सुग्रीमनं भरलेलं वरचं पोतं आवाज न करता बोटभर खाली बसलं.

ते सगळ्यांनी पाहिलं. रामकुमारीनं पाहिलं आणि टाळ्या जोरात वाजवल्या. ढोलवालीनं पाहिलं आणि ठेका वाढवला. मिस युलालीनं पाहिलं आणि ती खाली आपल्या पायांकडं बघत राहिली. फुलबसिया आजीची नजर तर घारीची. तिनं पाण्याकडं पाहिलं, धनेश्रीकडं पाहिलं आणि पदरानं भोकावर फुलं सारली.

"झालं, भरली टोपली," आजी म्हणाली. "उचल बाये. गोड तोंडानं घरी चल."

फुलं पाण्याबरोबर वाहून खाली गेली.

धनेश्रीनं टोपली उचलली. काखेला ओझं लागलं तेव्हा तिला मांडव दिसला, बांधाच्या पायथ्याशी, पांढरा, रंगीत कागदांच्या माळा लावलेला. मांडवाखाली इंद्रा एकटी बसली होती, हळदीचे हात अंगापासून लांब धरून, कशालाही डाग लागू नये म्हणून. आईकडं बघून तिनं तसेच पिवळे हात हलवले. पोरं होडीला हलवतात तसे.

चार वर्षांमागं एका म्हातारीच्या स्वप्नानं लग्न मोडलं होतं. आता नवरीच्या आईनंच तोंड उघडलं, तर नदीपलीकडून कोण येणार होतं? पितरांचा पंधरवडा, मग नवरात्र, मग दिवाळी, तोवर मास्तरांच्या घरी दहा माणसं दहा गोष्टी सांगणार. इंद्रा तिसऱ्यांदा हळदीला बसणार नाही, हे धनेश्रीला आपल्या हाताच्या रेषांइतकं ठाऊक होतं.

तिनं टोपली खाली ठेवली. मग उलटी केली. माती पुन्हा भोकावर ओतली, दोन्ही हातांनी दाबली. पाणी बोटांच्या फटींतून येतच राहिलं.

"अगं ए, काय करतीस!" आजी ओरडली. "अपशकून हाय! लग्नाची माती परत टाकत न्हाईत!"

ढोल थांबला. आधी एकीचं गाणं थांबलं, मग सगळ्यांचं. बांधापलीकडची नदी तेवढी ऐकू येत होती. उघाडीवर सुग्रीम वळला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मातीच्या वेळी बायकांकडं तोंड केलं होतं.

धनेश्री उठली. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर शेंदूर. आवाज तिनं वाढवला नाही, कारण आता वाढवायची गरज उरली नव्हती.

"रविवारी हा बांध जानार, आजी," ती म्हणाली. "आन् आपल्या सगळ्यांना ते होळीपासनं ठावं हाय."