उरलेली माती

धायरीच्या त्या प्लॉटवर रविवारी सकाळी इतकी माणसं जमली, की वडापावची गाडीसुद्धा येऊन उभी राहिली. मधोमध हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल खड्डा, आणि काठावर खडावा घातलेले भूमीनाथ महाराज. त्यांचे दोन शिष्य खड्ड्याचीच माती सुपातून परत खड्ड्यात सोडत होते. इतकी अलगद, की जणू बाळाला निजवताहेत. खड्डा काठोकाठ भरला आणि बाहेर चांगली दोन घमेली माती उरली.

“बघा,” महाराज म्हणाले, “घेतलं त्याहून जास्त दिलं आईनं. इथं राहणाऱ्याच्या फ्रिजात दूधसुद्धा नासायचं नाही.”

बायकांनी हात जोडले. प्लॉट विकणाऱ्या रतनशेठनी उरलेल्या ढिगाला हार घातला.

गर्दीच्या मागे श्यामराव गद्रे चुळबुळत होते. सगळी नोकरी ग्रंथालयात, ‘शांतता राखा’ या पाटीखाली गेलेली. आवाजही तसाच राहिला. पेठेतली जागा विकून आलेलं सगळं या जमिनीत जाणार होतं आणि खरेदीखत दुसऱ्याच दिवशी होतं. इंजिनिअरने सांगितलेलं माती परीक्षण मुलाने, सलिलने, रद्द करून टाकलं होतं. आत्ता शेजारीच उभा असलेला, खराडीत संगणकावर काम करणारा हा मुलगा म्हणाला होता, “बाबा, महाराजांचे रिव्ह्यू बघा ना. फोर पॉइंट नाइन.”

श्यामरावांना आठवत होता तो मागचा रविवार. शेजारचा तुकडा धायरीच्याच बजरंगचा. तो रतनशेठना विकायला तयार नव्हता. तिथेही महाराजांनी असाच खड्डा खणला. मात्र भरण्याआधी म्हणाले, हिची पीडा मूठमूठ वाटून घ्या आणि वाहत्या पाण्यात सोडा. गर्दीने रुमाल पसरले. मग खड्डा भरला, तर माती कमी पडली. “ही जमीन खाते,” महाराज म्हणाले. तेव्हापासून बजरंगच्या जमिनीकडे गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

श्यामरावांनी हे सलिलला तीनदा सांगितलं. तीनही वेळा तो “हो बाबा” म्हणाला, मोबाइलकडे बघत. एवढ्या लोकांना दिसत नाही ते आपल्यालाच दिसतंय, म्हणजे आपलंच चुकत असेल, असंही त्यांना वाटून गेलं. पण उद्या सही झाली, की चुकीला जागाच उरणार नव्हती.

त्यांनी चपला काढल्या, पुढे जाऊन ढिगावरचा हार बाजूला ठेवला आणि भरलेल्या खड्ड्यावर उभं राहून माती तुडवायला सुरुवात केली. खड्डा खचला. त्यांनी उरलेली माती टाकली, पुन्हा तुडवली. दोन्ही घमेली आत गेली, तरी खड्डा चार बोटं रिकामाच.

मग महाराज हसले. “पाहिलंत? आजोबांचा पायगुण.”

माना डोलल्या. एका बाईंनी तर मायेनं विचारलं, की आजोबा, साडेसाती चालू आहे का. श्यामरावांचे कान तापले. युक्ती डोळ्यांसमोर उघडी करून दाखवली, तरी लोकांना दिसले ते त्यांचे पाय. घरी निघून जावं, असंच त्यांना वाटलं.

पण ते गेले नाहीत. “माझा पायगुण वाईट असेल,” ते म्हणाले. “तुमचा तर चांगला आहे ना? मग आपण उतरा. आपण तुडवूनही माती उरली, तर मी आत्ता आपला शिष्य होतो.”

“मी भूमातेवर पाय देत नाही.”

“मग आत्ता काय हवेत हायसा का?” मागून बजरंग म्हणाला.

पहिल्यांदाच लोक हसले. तेवढ्या आधारावर श्यामराव बोलले. खणलेली माती मोकळी होते, तिच्यात हवा शिरते, ती फुगते. सैल भरली, तर कुठल्याही जमिनीत उरते. दाबली की बसते. “आणि बजरंगच्या जमिनीनं काही खाल्लं नव्हतं. ती माती तुमच्या रुमालांत गेली. सलिल, तू पाण्यात सोडायला विसरलेली पुडी अजून गाडीत आहे ना, तीत काय आहे?”

सलिलने खरेदीखत पुढे ढकललं आणि इंजिनिअरला फोन लावला.

परीक्षणासाठी यंत्राने खोल खड्डा घेतला. वर हातभर छान तांबडा मुरूम. त्याखाली फरशांचे तुकडे, फाटकी पोती, प्लास्टिक आणि कुणाच्या तरी तळघराच्या खोदकामाची भुसभुशीत माती. जुना ओढा होता तो. ट्रकवर ट्रक रिकामे करून बुजवलेला. इथे घर बांधलं असतं, तर पहिल्या पावसाळ्यातच भिंती तडकल्या असत्या. “असं तर सगळीकडेच असतं,” रतनशेठ म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही.

“बाबा, आधी सांगायचंत ना,” सलिल म्हणाला. श्यामरावांनी तीन बोटं वर केली.

पुढच्या रविवारी महाराज कात्रजला होते. गर्दी तीच, वडापावची गाडीही तीच. तिथे जाऊन पुन्हा तुडवायचं बळ श्यामरावांत नव्हतं.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. घर बांधणार असाल, तर जमिनीचा कौल हातभर खड्ड्याला विचारू नका. कठीण थर लागेपर्यंत खणून, तपासून घ्या. आणि महाराजांवर विश्वास बसायला लागलाच, तर घरातली एक कुंडी रिकामी करा. तीच माती हलक्या हाताने परत भरा, उरेल. मग दाबून, पाणी घालून भरा, कमी पडेल. कुंडीला हार घालायची गरज नाही.