दोघांत वाटलेला हीलियम

माझ्या उरलेल्या तीन दातांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर तिन्ही उपटून तुमच्या हातावर ठेवीन.

दोन भाऊ होते, दोघंही पाणबुडे. धाकटा नियम मोडून एकटाच बुडालेल्या बोटीपाशी उतरला, बहात्तर मीटर खोल, आणि तिथेच राहिला. नऊ दिवस झाले होते. परवापासून समुद्र खवळणार, मग चार महिने कुणाला उतरता येणार नव्हतं. आईचं एकच म्हणणं होतं, त्याला घरी आणा. थोरल्याने तिला शब्द दिला होता.

सिलिंडर भरायचं काम त्यांच्या दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. तेही पाणबुडेच. इतक्या खोल साधी हवा घेऊन गेलं की तिच्यातला ऑक्सिजन आकडी आणतो आणि नायट्रोजन दारूसारखा चढतो. एक पठ्ठ्या तर तळाशी पायातले पंख काढत बसला होता, घरात चिखल नको म्हणून! त्यासाठी निम्मा हीलियम मिसळायचा. तो चढत नाही, फार तर माणसाचा आवाज चिमणीसारखा करतो.

दाजींनी बाटल्यांचा काटा पाहिला. हीलियम एकापुरताच उरला होता आणि नवा यायला बारा दिवस होते. ते म्हणाले, "तू एकटा जा, पण डोकं ताळ्यावर ठेवून जा."

"एकटा गेला म्हणूनच तर तो तिथे पडलाय, दाजी. दोघं जाऊ. वाटून घेऊ."

वाटून घ्यायचा म्हणजे प्रत्येकाच्या मिश्रणात पावच भाग हीलियम. दाजींनी बजावलं, झिंग येणार, आणि चांगलीच येणार. थोरला म्हणाला, एकाला चढली तर दुसरा सावरेल. चढली तर दोघांना एकदमच चढेल हे दोघांनाही कळत होतं. तरी रीतीप्रमाणे ज्याने त्याने आपलं मिश्रण मोजलं, सिलिंडरच्या चिकटपट्टीवर आकडे लिहिले आणि खाली सही ठोकली.

तळाशी पोचल्यावर थोरल्याला फार बरं वाटलं. इतकं बरं त्याला नऊ दिवसांत वाटलं नव्हतं. धाकटा सापडला, थोरल्याने त्याचा हात धरला, कमरेला दोर बांधला. दाजींनी बोटांनी खूण केली, झकास. त्यानेही केली, झकास.

वर येताना तीस मीटरवर डोकं निवळलं. तेव्हा त्याला आठवलं, तो हात गुळगुळीत होता. धाकट्याने तर खरखरीत हातमोजे घातले होते.

परत जायला गॅस नव्हता. झटकन वर जावं तर रक्तात बुडबुडे होऊन मरण. टप्प्याटप्प्याने थांबत अडीच तास तो दोराला लटकून राहिला. पाटीवर लिहून त्याने दाजींना विचारलं, "तोच होता ना?" दाजींनी पाटी वाचली आणि तोंड फिरवलं.

वर आई डेकवर चादर अंथरून बसली होती. वरच्या माणसांनी यंत्राने दोर ओढला. पाण्यातून पितळी कठड्याचा, खिळे गंजून सुटलेला तुकडा आला, हातभर लांब. गाठ मात्र देखणी होती, शाळेत शिकवावी अशी.

थोरला आईसमोर गुडघ्यांवर बसला. त्याला एवढंच सांगता आलं, "आई, मला वाटलं तोच आहे."

संध्याकाळी वारा फिरला आणि बोट परत निघाली. आईने चादरीची घडी घातली, थोरल्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू आलास ना, पुरे."

बरं, घ्या, एक दात उपटा. आईने हात ठेवला नाही, काही बोललीही नाही. तेवढं मी पदरचं घातलं.