ॲम्ब्रोजच्या हातातला दगड

"सहा झाली, बाईसाहेब. सातव्याचं काय करू?" पाथरवट नेथनने धुळीचे हात विजारीला पुसत विचारलं.

लेडी मिलिसेंटने गावच्या चर्चमध्ये नवऱ्याशेजारी आपलीही समाधी जिवंतपणीच करायला घेतली होती. थोरांच्या घरची रीतच ती. वर नवरा-बायको आडवे, खाली गुडघे टेकलेली सात दगडी मुलं. आईच्या आधी गेलेल्यांच्या हातात कवटी, बाकीच्यांचे हात नुसते जोडलेले. तीन कवट्या कोरून झाल्या होत्या. राहिला ॲम्ब्रोज. चार वर्षांपूर्वी आफ्रिकेत गिनीला जाणाऱ्या जहाजावर चढला, त्यानंतर एक ओळ नाही.

"त्याच्या हातातला दगड आहे तसाच ठेव," बाईसाहेब म्हणाल्या. "खरं कळेल तेव्हा कोर."

"लोक हसतील हो. पोराच्या हातात पाव दिलाय म्हणतील."

"हसू देत. तुझं नाव कुठे घालतोय आपण त्यावर?"

मागे उभ्या असलेल्या विनीला हसू आलं नाही. ती ॲम्ब्रोजची दूधआई. आणि तो मेलाय, हे तिला ठाऊक होतं.

गेल्या सुगीत एक खलाशी स्वयंपाकघराच्या दाराशी जेवायला आला होता. बिअरचा दुसरा पेला रिचवल्यावर, "खरं तर हे सांगायचं नव्हतं," म्हणत त्याने ॲम्ब्रोजची शिंगाची फणी काढली. तापाने गेला, समुद्रातच सोडला. विनीने फणी पिठाच्या पेटीमागे दडवली आणि तोंडाला कुलूप घातलं. बाईसाहेब नुकत्या कुठे आजारातून उठल्या होत्या. चौथं दुःख त्यांना झेपलं नसतं.

मग दोन वर्षं दर रविवारी बाईसाहेब जाता जाता त्या ओबडधोबड दगडावर हात ठेवायच्या आणि विनी नजर खाली घालायची. आपण या बाईला खोट्या आशेवर जगवतोय, हे तिला आतून खात राहिलं.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत बाईसाहेबांनी अंथरूण धरलं. वैद्याने मान हलवली. त्या दुपारी विनी पलंगाशी गुडघ्यांवर बसली आणि फणी गादीवर ठेवून सगळं बोलून मोकळी झाली.

बाईसाहेबांनी फणी उचलून हातात घेतली. मग त्यांनी उशीखालून एक चांदीचं बटण काढलं. ॲम्ब्रोजच्या बाहीचं.

"तो खलाशी हे घेऊन मला आधी बागेत भेटला होता, विनी. मीच त्याला तुझ्याकडे जेवायला धाडलं. तिला अवाक्षर सांगू नकोस म्हणून बजावलं. मेल्याने बिअरपायी शब्द मोडला तर!"

"पण मग तो दगड? का नाही कोरू दिलात?"

"तू तुझं पोर पुरून आलीस आणि त्याच संध्याकाळी माझं छातीशी घेतलंस. त्याच्या हातात कवटी तुला कशी दाखवू?"

विनीला रडू यायच्या आधी संतापच आला. एका छपराखाली दोघी दोन वर्षं वेगवेगळ्या रडल्या होत्या. एक वर, एक खाली, मध्ये एक जिना. मालकिणीने मोलकरणीच्या गळ्यात पडायचं नसतं, म्हणे. जळो ती रीत!

"सरकून घ्या," ती म्हणाली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्या पलंगावर बसली. बाईसाहेबांनी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"नेथनला सांग आता कोरायला," त्या म्हणाल्या. "पण तू उभी राहा तिथे. ॲम्ब्रोजला एकटं नको ठेवूस."

बाईसाहेब मंगळवारी गेल्या. समाधीखालच्या तळघराचं तोंड बंद करायच्या आदल्या दिवशी नेथनने छिन्नी लावली. कवटी झाली मुठीएवढी, कारण दगडातली मुलं सगळी लहानच असतात. विनी शेजारी उभी होती. काम संपल्यावर ती खाली बसली आणि पडलेल्या कपच्या एकेक करून ॲप्रनमध्ये गोळा करू लागली.

"राहू द्या, आजीबाई, झाडून टाकतो मी," नेथन म्हणाला.

"झाडायला हात लावलास तर बघ," विनी म्हणाली. तिने कपच्यांत ते बटण आणि फणी ठेवली, पुरचुंडी बांधली आणि खाली उतरून बाईसाहेबांच्या शवपेटीवर, छातीच्या जागी, ठेवली. ॲम्ब्रोजचं पुरायला तेवढंच होतं.