उंटाच्या मुठीची मोहर

"म्हणजे मोहर भट्टीत मीच टाकायची?" होआननं विचारलं. राजधानी ह्वेच्या दरबारात राजमुद्रेच्या मोहरांची निगा राखणारा अधिकारी तो.

"फ्रेंचांना आपल्याच माणसाचा हात हवाय," मंत्री क्विन्ह म्हणाले. नात्यानं ते त्याचे थोरले चुलतभाऊ.

"दादा, तुमचे हात काय झडलेत?"

"जीभ आवर! नदीत त्यांच्या तोफा उभ्या आहेत."

सकाळीच तहावर सह्या झाल्या होत्या. देश फ्रेंचांच्या 'संरक्षणा'खाली गेला होता. घरात घुसलेल्या दरोडेखोरानंच दाराला कडी घालावी, तसलं संरक्षण. ही उंटाच्या आकाराच्या मुठीची चांदीची मोहर आपल्या राजांना चीनच्या बादशहानं दिलेली. आता धनी एकच, फ्रेंच; म्हणून ती वितळायची.

होआननं मनाशी ठरवलं, टाकायची आणि पाठ फिरवायची. पुढचं पाप त्यांचं.

वकिलातीच्या अंगणात त्यानं मोहर मुशीत ठेवली आणि पाठ फिरवली. पण मागं भाता हाणणारा फ्रेंच शिपाई अगदीच अडाणी. कधी धाडधाड वारा, कधी काहीच नाही. न राहवून होआननं वळून पाहिलं. ठिणग्या उडत होत्या, मूस कलली होती, मुठीवरचा उंट एका अंगानं काळा पडून तसाच बसला होता. फ्रेंच हसत होते. दरवर्षी वर्ष संपताना होआन ही मोहर सुगंधी पाण्यानं धुऊन लाल फडक्यानं पुसायचा. तिची ही हेळसांड त्याला बघवेना.

"अरे, असं नाही!" तो ओरडला. शिपायाला बाजूला सारून त्यानं मूस सरळ केली, कोळसे भोवती रचले आणि भाता दमादमानं चालवला. उंटाचे कान गेले, मदार विरली. शेवटी मुशीत नितळ चांदी थरथरत राहिली. काम देखणं झालं होतं.

फ्रेंच वकिलानं त्याच्या पाठीवर थाप मारली. दुभाषी म्हणाला, "साहेब म्हणतात, आम्हाला तुमच्यासारखीच माणसं हवीत."

आणि होआन हसला. भीतीनं नाही, लाजेकाजेस्तव नाही. शाबासकी मिळाल्यावर माणूस हसतो तसा, मनापासून.

क्विन्हदादांनी ते पाहिलं आणि नजर जमिनीकडे वळवली. तेव्हा कुठं त्याला कळलं, आपण काय केलं ते. त्यानं झग्याची बाही तोंडावर ओढली. पण ओठांवरचं ते मेलं हसू काही केल्या पुसलं जाईना.