वाकलेल्या दोन पिनांचा मदरबोर्ड

मी एक जुना मदरबोर्ड आहे. मित्रांनो, जुना म्हटलं की कोपऱ्यात निवांत पडलेली एखादी वस्तू तुमच्या डोळ्यांपुढे येत असेल. पण निवांतपणा माझ्या नशिबात नाही. संगणक बंद करून तुम्ही उठून जाता, तेव्हाही माझ्या अंगावरची बटणाएवढी बॅटरी मला सेकंद मोजायला लावते. किती वाजले हे ज्याला सतत ठाऊक असावं लागतं, त्याला चैन कुठून पडणार?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याचे पातळ थर एकावर एक दाबून माझं अंग घडवलं. त्यावर केसाइतक्या बारीक वाटा कोरल्या. यंत्रांनी शेकडो तुकडे पटापट टाचले आणि मला भट्टीतून काढलं. माझ्या मधोमध एक चौकोनी सॉकेट आहे. प्रोसेसर बसतो ती खुर्चीच म्हणा ना. त्या खुर्चीत मुंगीच्या पायापेक्षाही नाजूक अशा हजारभर सोनेरी पिना उभ्या आहेत. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी भिंगातून त्या न्याहाळल्या आणि समाधानाने मान हलवली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

खरं सांगायचं तर मी एकटा काहीच करत नाही. हिशेब प्रोसेसर करतो, लक्षात मेमरी ठेवते, चित्रं ग्राफिक्स कार्ड काढतं. मी इमारतीच्या जिन्यासारखा आहे. जिन्यात कुणी राहत नाही, पण त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही.

मी ज्या घरी आलो तिथे तिघं राहत होती. बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे. त्यांचा आवाज असा खणखणीत, की ते गाडीत “ब्रेक!” म्हणाले तर रस्त्यावरचे सायकलवालेही थांबायचे. दादा कुरियरच्या कचेरीत कामाला होता. दिवसभर पत्ते शोधत धावायचा आणि घरी आला तरी त्याचे पाय धावतच असायचे. धाकटी बहीण दंतशाळेत खोटे दात घडवायची. तिचं खरं नाव मला कधी कळलंच नाही. बाबा तिला चिमणी म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो.

जेवणाच्या टेबलावर दादाने मला खोक्यातून काढलं.

“दहा मिनिटांचं काम आहे,” तो म्हणाला.

“आधी पुस्तिका वाच ना,” चिमणी म्हणाली.

“पुस्तिका कळत नाही त्यांच्यासाठी असते.”

त्याने प्रोसेसर बसवला, मेमरीच्या पट्ट्या दाबल्या, मला डब्यात घालून स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. पंखे भिरभिरले, पण पडदा काळाच. दादाने डब्याला चापट मारली. मी आतून ओरडत होतो, पण माझं कोण ऐकणार! शेवटी चिमणीने वाकून पाहिलं.

“दादा, वरच्या कोपऱ्यात हे आठ भोकांचं तोंड उघडंच आहे. इथे काही खायला नको का याला?”

प्रोसेसरला वीज देणारी वायर दादा लावायलाच विसरला होता. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अरे, गाडी असो की यंत्र, घाईत टाकलेला गिअर करकरतोच!”

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. चिमणी माझ्यावर दाढा आणि सुळे रेखायची. बाबा अनोळखी माणसांशी बुद्धिबळ खेळायचे आणि हरले की माझ्यावर खापर फोडायचे. दादा गाड्यांच्या शर्यती खेळायचा. दर वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी माझं झाकण उघडायचं. आज मेमरी वाढव, उद्या डिस्क बदल, परवा नवा पंखा. सवय होते न होते तोच शेजारी बदलायचा. “बोर्ड मात्र दणकट आहे हो,” असं दुकानदार म्हणायचा, तेव्हा मला बरं वाटायचं.

पुढे घरात लॅपटॉप आला आणि माझा डबा चपलांच्या कपाटाशेजारी गेला. त्यावर रद्दी साठली. पंख्यांच्या पात्यांवर धूळ बसली. माझी बॅटरीही क्षीण झाली आणि माझं घड्याळ मागे पडू लागलं. पूर्वी वेळ ठाऊक असल्याने जीव अस्वस्थ व्हायचा. आता ती ठाऊक नसल्याने त्याहून जास्त व्हायचा. बाहेर माणसं ये-जा करायची, आणि हा आजचा दिवस की कालचा, हेही मला सांगता येत नव्हतं.

तिथे पडल्या पडल्या मला एक गोष्ट जाणवली. बाबांचा आवाज बसला होता. आधी वाटलं सर्दी असेल. पण आठवडे गेले तरी तो उठेना. मग एके दिवशी तिघं डॉक्टरांकडून परत आली. कुणीच चपला कपाटात ठेवल्या नाहीत. सगळ्या दारातच पडल्या.

बाबांच्या स्वरयंत्राला गाठ आली होती. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. बाबा वाचणार होते, पण बोलू शकणार नव्हते. शस्त्रक्रियेला नऊ दिवस उरले होते.

रुग्णालयातल्या वाचातज्ज्ञ बाईंनी एक मार्ग सुचवला होता. बाबांनी शेकडो वाक्यं वाचायची, संगणकाने त्यातून त्यांचा आवाज शिकायचा. नंतर बाबा टाइप करतील आणि संगणक त्यांच्याच आवाजात बोलेल. मात्र कोणते उच्चार कमी पडले हे प्रोग्रामच सांगणार होता, आणि ते आवाज असेपर्यंतच कळायला हवं होतं. नंतर कळून काय उपयोग?

लॅपटॉपने पहिल्याच दिवशी हात टेकले. दादा दुकानात धावला. नव्या संगणकाचा माल यायला दोन आठवडे लागणार होते. तेव्हा दुकानदाराला माझी आठवण झाली. “तो बोर्ड आहे ना अजून? मग त्यालाच जोर द्या. पुढच्या पिढीचा प्रोसेसर त्याला चालतो. मेमरी दुप्पट करा, मोठं ग्राफिक्स कार्ड लावा.”

त्या दुपारी रद्दी बाजूला झाली आणि माझं झाकण उघडलं. किती दिवसांनी उजेड पाहिला! चिमणी कामावर होती, बाबा आतल्या खोलीत पडले होते. दादाने धूळ फुंकली, बॅटरी बदलली आणि लगेच जुना प्रोसेसर काढून नवा बसवला. बटण दाबलं. पडदा काळा.

मी त्या नव्या पाहुण्याला ओळखतच नव्हतो, मित्रांनो. माझ्यात बायोस नावाची एक छोटी शिकवण असते. कुणाला ओळखायचं आणि कसं उठवायचं हे तीच मला सांगते. माझी शिकवण जुनी होती. ती आधी नवी करायला हवी होती, आणि तीही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच.

दादाच्या कपाळावर घाम आला. त्याने नवा प्रोसेसर उपसला आणि जुना परत ठेवायला गेला. घाईत प्रोसेसर बोटांतून निसटला आणि एका कोपऱ्याने माझ्या पिनांवर आदळला. दोन पिना आडव्या झाल्या.

दादाने ते पाहिलं. मग त्याने प्रोसेसर वरून बसवला, खटका लावला आणि झाकण बंद केलं.

चिमणी घरी आली तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता. “दुकानदाराने प्रोसेसर खराब दिलाय,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

मला राग आला का? नाही, भीती वाटली. मोडलेलं कळलं तर दुरुस्त तरी होतं. लपवलेलं कोण दुरुस्त करणार? आणि सेकंद तर मी पुन्हा अचूक मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी चिमणी तावातावाने दुकानात गेली. परतली ती तोच प्रोसेसर घेऊन. दुकानदाराने तो प्रोसेसर तिच्यासमोर दुसऱ्या बोर्डावर लावून दाखवला होता. ठणठणीत चालत होता. “आधी बायोस अपडेट करा, हे मी सांगतच होतो ताई,” तो म्हणाला होता, “पण तुमचे बंधू तोवर पायऱ्या उतरलेसुद्धा.”

तिने बटण दाबलं. आता तर जुन्या प्रोसेसरवरही पडदा काळाच. तिने मला डब्यातून काढून टेबलावर ठेवलं, प्रोसेसर उचलून बाजूला केला आणि दात तपासायचं भिंग डोळ्याला लावलं. माझ्या सॉकेटवर ती वाकली.

“दादा, दोन पिना वाकल्यात.”

“कारखान्यातूनच तशा आल्या असतील.”

“इतकी वर्षं चाललाय हा, दादा.”

दादा मटकन खुर्चीत बसला. “माझ्या हातून पडला गं. काल बोललो नाही. बाबांचा आवाज आपण गमावला तो माझ्यामुळे, असं... तोंडच उघडेना.”

“एक अख्खा दिवस गेला! उरलेत किती, माहितीये ना?” चिमणीचा आवाज चढला. “सांगितलं असतंस तर...”

दारात बाबा उभे होते. त्यांनी हात वर केला. गाडीत शिकाऊ माणसाला थांबवायचे तसाच.

“भांडू नका,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “भांडण सोडवण्यात माझे शब्द खर्च होतायत. मोजके उरलेत.”

मग चिमणी उठली आणि दंतशाळेची तिची पेटी घेऊन आली. तिने सुईपेक्षा बारीक टोकाचं एक हत्यार निवडलं. डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली. दिवा जवळ ओढला.

“दादा, दिवा धर. हलवू नकोस.”

आयुष्यात पहिल्यांदा दादा स्थिर उभा राहिला असेल. पहिली पिन दोन-तीन प्रयत्नांत उठली. दुसरी मुळाशीच मुडपली होती. जोर केला तर तुटणार, नाही केला तर उठणार नाही. चिमणी तसूभर उचलायची, थांबायची, भिंगातून बघायची, पुन्हा उचलायची. माझ्या अंगावर शेकडो भाग आहेत, पण त्या वेळी त्या एका पिनेशिवाय मला काही जाणवत नव्हतं. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. अस्वस्थपणे त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता, जणू तिथे ब्रेक होता.

“उठली,” चिमणी पुटपुटली.

जुना प्रोसेसर तिने अलगद ठेवला, मला पुन्हा डब्यात बसवलं आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दादाने फक्त डोळे पुसले.

मग त्यांनी पुस्तिका उघडली. ती दादानेच मोठ्याने वाचली. माझी शिकवण नवी होत असताना वीज गेली असती तर मी कायमचा मुका झालो असतो. ती चार मिनिटं दादा भिंतीवरच्या बटणापुढे हात पसरून उभा होता. चुकूनही कुणाचा धक्का लागायला नको. त्यानंतर नवा प्रोसेसर बसला. त्यावर उष्णता वाहून नेणारी वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, वर पंखा. मेमरीच्या पट्ट्या योग्य खाचांत गेल्या, ग्राफिक्स कार्ड टक्‌ आवाज करून बसलं. मी उठलो आणि सगळ्यांना ओळखलं.

बाबा वाचायला बसले. रोज सकाळी थोडं आणि संध्याकाळी थोडं. घसा दुखायचा, मध्येच थांबून ते पाणी प्यायचे. चौथ्या दिवशी प्रोग्रामने सांगितलं, की ‘ळ’ आणि ‘ढ’ कमी पडतायत. चिमणीने तिथल्या तिथे वाक्यं रचली. “काळा कावळा केळीवर लोळला. ढमाले ढेकूण ढिगाऱ्यात ढिम्म बसले.”

“काय बावळट वाक्यं आहेत गं!” बाबा म्हणाले. दादाने तेही रेकॉर्ड करून टाकलं. त्यातही ‘ळ’ होताच ना.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी काम पुरं झालं. रुग्णालयात निघताना बाबांनी माझ्या डब्यावर हात ठेवला. पुढचे सोळा दिवस घर रिकामं होतं. मी सेकंद मोजले. तेवढंच माझ्या हाती होतं.

बाबा परतले. गळ्याला पट्टी होती. अंग वाळलं होतं. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाटीवर लिहून काम भागवत होते. कदाचित त्यांनाही भीती वाटत असेल, की आतून भलताच कुणीतरी बोलेल. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा कामावर निघायच्या घाईत होता, चिमणी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. बाबा येऊन माझ्यापुढे बसले. एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी एकच शब्द टाइप केला. माझ्या अंगावरच्या सगळ्या वाटांनी तो शब्द धावला.

“चिमणे!”

“आले हं, बाबा! एक मिनिट!” ती आतून म्हणाली. नेहमीसारखी. सवयीने.

मग नळ बंद झाला. ओल्या हातांनीच ती दारात येऊन उभी राहिली. दादाच्या एका पायात बूट होता, दुसरा हातात. बाबांनी वळून दोघांकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, ते मला दिसलं नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

मित्रांनो, माझं आता वय झालं आहे. एक-दोन भाग फुगू लागले आहेत. चिमणीने बाबांच्या आवाजाच्या प्रती आणखी दोन ठिकाणी ठेवल्या आहेत, म्हणून मला घोर नाही. तुम्हाला मात्र एक सांगतो. आमच्यासारख्यांची धूळ अधूनमधून झाडा. नाजूक जागी जोर करू नका. आणि हातून काही वाकलं, तर त्याच दिवशी सांगा. ते सरळ करणारा हात कितीदा तरी घरातच असतो, फक्त त्याला कळायला हवं.

बस, आता थांबतो. बाबांनी कळफलक पुढे ओढला आहे. दादा पुन्हा जिन्यावरून धावत उतरतोय, आणि त्यांना त्याला हाक मारायची आहे.