पुढचं चाक अठ्ठ्याण्णवचं, मागचं परवाचं

दावा नामंजूर. कारण : वाहनाच्या मूळ रचनेत मालकाने परस्पर बदल केला.

*

बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. आत स्पोक आवळायची चावी, जुना टूथब्रश आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं बनियनचं फडकं.

*

मढला एका बंगल्याच्या अंगणात पांढऱ्या साडीतली बाई चौथ्यांदा विधवा होते आहे.

*

बोरिवली पूर्व. सोसायटीतल्या बदामावरचा कावळा संध्याकाळी साडेसातला दचकून उठतो, पंख झटकतो आणि कामाला लागतो.

*

चव्वेचाळीसाव्या वर्षी काय काय बदलावं ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. त्यात तेल होतं, मीठ होतं. चाकं नव्हती.

*

या सगळ्याला एकच माणूस जबाबदार आहे. माझं नाव निहार. अंधेरीतल्या एका विमा कंपनीत मी गाड्यांचे दावे तपासतो. लोकांनी बाइकला बाहेरून काय काय बसवून घेतलंय ते फोटोत शोधायचं आणि अगदी वर लिहिलंय ते वाक्य टाइप करायचं, हे माझं काम. सतरा वर्षं करतोय. सवय इतकी की दीप्तीने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदा केस रंगवून आणले तेव्हा माझी बोटं टेबलावर आपोआप हलली.

आमच्या ऑफिसात सुयोग नावाचा एक जण नवा आला. सव्वीस वर्षांचा. दर रविवारी तो आणि त्याचे मित्र मालाडला जमतात आणि तिथून बाइकवर समुद्राकाठी मढला जातात. एकदा चहा पिताना त्याने मलाही बोलावलं.

"काका, तुमची ती अँटिक घेऊन या ना. फोटोला झकास दिसेल."

एका दमात काका, अँटिक आणि फोटो. झोंबण्यासारखे तीन शब्द, आणि दुर्दैवाने तिन्ही रास्त.

*

वाहनाचे वर्णन : शंभर सीसी, काळी, १९९८.

ही बाइक भाऊंनी घेतली. भाऊ म्हणजे माझे वडील. आमच्याकडे कोकणात त्यांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून आम्ही मुलंही भाऊच म्हणतो. परळच्या गिरणीत ते फिटर होते. गिरणी बंद पडली, शेवटचे पैसे हातात आले आणि त्याच वर्षी मी बारावी झालो, तेव्हा त्यांनी ही माझ्यासाठी घेतली. त्यांना स्वतःला बाइक चालवता येत नाही. इंजिनातलं काही कळत नाही असंही ते सांगतात. त्यांना फिरणारी वस्तू कळते. गिरणीत सूत कातणाऱ्या हजारो चात्या फिरायच्या आणि त्यातली एक जरी वाकडी फिरली तरी भाऊंना म्हणे आवाजावरून कळायचं.

म्हणून चाकं त्यांची. सव्वीस वर्षं दर रविवारी सकाळी नऊला भाऊ डबा काखेत मारून दोन मजले उतरायचे. बाइक स्टँडला, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. मग ते चाक फिरवायचे. चाक फिरताना डावी-उजवीकडे झोकांडी खातं, त्याला आउट म्हणतात. एकेक स्पोक किंचित सैल, किंचित घट्ट करत ते सरळ आणायचं, म्हणजे आउट काढायचा. भाऊ स्पोकवर नखाने टिचकी मारायचे. घट्ट असेल तर टिण्ण वाजायचं, सैल असेल तर टक. पुढे छत्तीस, मागे छत्तीस. सगळे सारखे वाजेपर्यंत अकरा वाजायचे. येणारे-जाणारे विचारपूस करायचे, कोणी आपल्या मुलाची सायकल आणून उभी करायचं. ह्या वयात गुडघ्यांमुळे भाऊ आठवड्यातून एकदाच खाली उतरतात. तो हा दिवस.

हे सगळं मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं असा कुणाचा समज होऊ नये.

*

बदलाचे स्वरूप :

मालाडला धवलचं दुकान आहे. काचेआड चाकं टांगलेली असतात, घड्याळाच्या दुकानात घड्याळं असतात तशी. त्यातली दोन मी घेतली. मॅगव्हील. काळी, पाच जाड पात्यांची, कडेने बारीक लाल रेघ. स्पोक एकही नाही. पुढे गोल एलईडी हेडलाइट, ज्याचा उजेड दवाखान्यातल्यासारखा निळसर पांढरा पडतो. जुनी चाकं बदल्यात धवलकडेच सोडली. तो बसवत असताना मी दुकानाच्या काचेत स्वतःला बघत होतो. पोट आत घेतलं की तीन वर्षं कमी होतात, हे मी त्या दिवशी मोजलं. श्वास सोडला की परत येतात.

शनिवारी संध्याकाळी सोसायटीत शिरलो, हेडलाइट बदामावर पडला आणि कावळ्याची सकाळ झाली.

*

रविवारी नऊला भाऊ खाली आले. मी आधीच जाऊन बाइकशेजारी उभा होतो, एखाद्याने नवीन घर दाखवायला उभं राहावं तसा. भाऊंनी डबा खाली ठेवला. लाकडाचा ठोकळा इंजिनाखाली सरकवला. पुढचं चाक फिरवलं आणि नख पुढे नेलं. टिचकी मारायला काही नव्हतं. मग त्यांनी त्या जाड पात्याला हात लावून पाहिला, आणि खरोखर माहिती हवी असल्यासारखं विचारलं,

"ह्येचो आउट कसो काढूचो?"

इथे माणूस गप्प बसू शकतो. विषय बदलू शकतो. मी छाती पुढे काढून म्हणालो, "काढावाच लागत नाही भाऊ. कधीच नाही."

"बरा," भाऊ म्हणाले.

ठोकळा काढला, डबा उचलला आणि वर गेले. पंधरा मिनिटांत. मी तेवढ्यात बाइकचे चार फोटो काढले.

*

मढची हकीकत मी थोडक्यात उरकतो, कारण ती सुयोगने ऑफिसात सविस्तर सांगितलेली आहे.

त्याच संध्याकाळी निघालो. मुलांनी चाकांचं कौतुक केलं, मला पुढे जाऊ दिलं. अंधारून येत होतं. मढला एका वळणावर माझा हेडलाइट रस्त्यावर न पडता थेट समोरच्या बंगल्याच्या अंगणात घुसला. तिथे मालिकेचं शूटिंग चालू होतं. पांढऱ्या साडीतली बाई तिसऱ्या टेकला तुळशीपाशी कोसळली होती, मागे समई, मंद उजेड, आणि अचानक तिच्या तोंडावर क्रिकेटच्या मैदानाएवढा प्रकाश. आतून कोणीतरी "कट" ओरडलं. मी घाबरून थांबलो, आणि थांबलो ते बरोबर तिच्याकडे तोंड करून.

त्यांचा लाइटवाला बाहेर आला. शांत माणूस. हेडलाइट भिंतीवर मारून, खाली वाकवून बसवायचा असतो एवढंही करून घेतलं नाही का, असं त्याने मला विचारलं. मी म्हणालो, नाही. त्याने कमरेची काळी टेप काढली आणि माझ्या हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागावर दोन पट्ट्या लावल्या, जखमेला लावतात तशा. म्हणाला, "काका, आता जा. बाईंना परत रडायचंय."

परतताना मी सगळ्यात मागे होतो.

घरी येऊन ही गोष्ट भाऊंना सांगायची होती. ते पोट धरून हसले असते. पण ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. आठ वाजले होते.

*

नुकसानीचे स्वरूप :

पुढच्या रविवारी भाऊ खाली आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी चाकं धुवायला बोलावलं, तर म्हणाले, ती काय, पाइप मारलास की झालं. हेडलाइटला नुसती टेप आहे, भिंतीवर मारून नीट बसवू म्हटलं, तर म्हणाले, टेप हा मां, मग कित्याक. सोसायटीत दोघातिघांनी भाऊंची तब्येत विचारली. मी बरी आहे म्हणून सांगितलं. बरीच होती. ते खिडकीशी बसून तोच पेपर दुपारपर्यंत वाचायचे. डबा फ्रिजच्या वर गेला.

चौथ्या रविवारी दीप्ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकदा गिरणीने घरी बसवलं त्यांना. आता तू बसवलंस."

मी म्हणालो की असं काही नाही, वय झालंय.

"मग तुझं कधी होणार रे?" ती म्हणाली, आणि पुढची जुडी घेतली.

*

सोमवारी ऑफिसातून थेट धवलकडे गेलो. मागचं चाक गेलं होतं. कोणा दूधवाल्याने नेलं, कोणत्या ते माहीत नाही. पुढचं दुकानाच्या मागे टायरांच्या ढिगात पडलेलं सापडलं. मी म्हटलं, हे लाव. धवलने मला नीट समजावलं की पुढे स्पोक आणि मागे मॅगव्हील असं कोणी करत नाही, ते वेडगळ दिसतं. मी म्हटलं, लाव. त्याला यंत्रातलं कळतं. माणूस कोणत्या अवस्थेत गिऱ्हाईक होतो तेही कळत असावं, कारण त्याने पुढे काही विचारलं नाही.

तर सध्या बाइक अशी आहे. पुढून अठ्ठ्याण्णव साल, मागून परवा. हेडलाइटला पट्टी. सिग्नलला लोक आधी पुढे बघतात, मग मागे, मग माझ्याकडे, आणि तिथे त्यांना उत्तर मिळतं.

*

आता माझी खरी चूक. आधीच्या सगळ्या सवयीच्या होत्या.

शनिवारी मला वाटलं, चाक आलं खरं, पण ते सरळ असेल तर भाऊ काय करणार? काम हवं. म्हणून भाऊ संध्याकाळच्या बातम्या बघत असताना मी फ्रिजवरचा डबा काढला, खाली गेलो आणि छत्तीसच्या छत्तीस स्पोक सैल केले. मी शिस्तीचा माणूस आहे. प्रत्येकाला बरोबर एक फेरा. एकही सुटला नाही ना, म्हणून दोनदा मोजले. डबा परत फ्रिजवर ठेवला.

रविवारी सकाळी सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "भाऊ, पुढचं चाक जरा लचकतंय. जुनंच बसवून घेतलंय परत."

त्यांनी पेपरची घडी घातली. डबा काढून दिला तो काखेत मारला आणि कठड्याला धरत एकेक पायरी उतरले. मी मागून. खाली आल्यावर त्यांनी आधी मागचं चाक पाहिलं, मग हेडलाइटची पट्टी, मग पुढचं चाक. ठोकळा सरकवला. टिचकी मारली. टक. दुसरा स्पोक. टक. पाच-सहा स्पोक झाल्यावर ते थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तूच सैल केलंस मां?"

मी म्हटलं, रस्ते किती खराब आहेत, भाऊ.

"रस्तो असे सारखे सैल करणा नाय. रस्तो एकाक सोडता, दुसऱ्याक धरता." त्यांनी उरलेल्या स्पोकवरून नख फिरवत नेलं. टक टक टक टक, एका सुरात, पहिलीच्या वर्गाने पाढे म्हणावेत तसं. "ह्या हापिसातल्या माणसाचा काम."

सतरा वर्षं मी फोटो बघून लोकांची लबाडी पकडतो. माझी पकडायला त्यांना सहा टिचक्या लागल्या.

मला वाटलं, आता ते वर जातील. ते बाजूच्या कट्ट्यावर बसले, गुडघा चोळला आणि चावी माझ्यापुढे धरली.

"घे. तू सैल केलंस, तू आवळ. मी आयकतंय."

मी एक स्पोक आवळला, टिचकी मारली आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. अजून पाव फेरा. टिचकी. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "परत." मला दोन्ही आवाज सारखेच वाटत होते. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, माका म्हायत हा, म्हणूनच परत.

एव्हाना तळमजल्यावरचे देवव्रतकाका पेपर घेऊन बाहेर आले आणि कट्ट्यावर भाऊंच्या शेजारी बसले. भाऊंनी त्यांना काय चाललंय ते सांगितलं. मागचं चाक, पट्टी, कावळा, सगळं. मढचं मी स्वतः घातलं. देवव्रतकाकांना ठसका लागला. भाऊ पोट धरून हसले आणि हसता हसताच म्हणाले, "थांब, तो नाय, त्येच्या डावीकडचो."

एकच्या सुमाराला दीप्तीने वरून जेवायला हाक मारली. अकरा स्पोक झाले होते. उरलेले पुढच्या रविवारी, भाऊ म्हणाले, आणि तोपर्यंत बाइक हलवायची नाही. मी आठवडाभर रिक्षाने स्टेशनला जातोय. सुयोगला सांगितलंय, गाडी कामाला टाकलीय. कोणाकडे, असं त्याने विचारलं, तेव्हा मी नाव आणि पत्ता दोन्ही दिले.

*

जुनी चाकं काढली त्या दिवशी धवलने पुढचं चाक बोटावर धरून फिरवलं होतं. बराच वेळ बघत राहिला होता. इतकं सरळ जुनं चाक कोण ठेवतं, असं त्याने विचारलं होतं. मी म्हणालो होतो, कोणी नाही.