गोंदाने चिकटवलेला त्रिकोण

मी एक जुना जिओबोर्ड आहे, मित्रांनो, शोपीस नाही! लाकडी फळी आणि तिच्यावर ओळीने ठोकलेले खिळे, बस्स. खिळ्यांना रबर अडकवा, हवी ती आकृती करा, मोडा, परत करा. शहाडच्या धाकू सुतारांनी मला घडवलं तेव्हा प्रत्येक खिळ्यावरून अंगठा फिरवून पाहिला होता. "पोरांचे हात लागणार याला," म्हणाले.

कसले हात आणि कसलं काय! कोपरच्या शाळेत आलो तो थेट सातवीच्या वर्गातल्या काचेच्या कपाटात. तपासणी आली की बाहेर, फोटो निघाला की आत. यंदा तर हद्द झाली. फोटोत त्रिकोण सुबक दिसावा म्हणून मंदाकिनीबाईंनी रबर चक्क गोंदाने चिकटवला. माझ्या अंगावर!

आणि समोरच्या बाकावरची निशिगंधा रोज रडकुंडीला यायची. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढताना अर्धं करायचंच विसरायची.

"पण बाई, अर्धं का करायचं?"

"सूत्र आहे म्हणून. पाठ कर."

मागून प्रीतम म्हणायचा, "हिचं अर्धं कायम घरीच राहतं!" वर्ग खिदळायचा. हल्ली तर ती स्वतःच म्हणायला लागलेली, "माझं डोकंच नाही गणिताचं." अगं, डोकं आहे! मला हात लावू दिलेला नाही तुला कुणी!

यंदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मला नेमकं तिच्या बाकावर ठेवलं. "अर्धं का करतात? दाखव यावर."

तिने रबर ओढला. हलेना. बाई खाकरल्या. तर या पोरीने काय करावं? दोन्ही वेण्यांचे रबर काढले! रिकाम्या जागेत एक रबर चार खिळ्यांना ताणला, झाला आयत. दुसरा त्याच्याच तीन कोपऱ्यांना. मग मला गर्रकन फिरवलं आणि किंचाळलीच, "अय्या, उरलेला पण सेम त्रिकोण! दोघांचा मिळून आयत! म्हणून अर्धं!"

"बघू, बघू. मला पण नव्हतं माहीत," प्रीतम पुढे घुसला.

"मग हसायचास कशाला रे?"

साहेब गेले. बाईंनी कपाटाच्या किल्ल्या काढल्या. निशिगंधाने मला घट्ट धरलं.

"बाई, राहू दे ना बाहेर."

"अगं, तोडाल तुम्ही!"

तिने सोडलंच नाही. शेवटी बाईंनी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. "बरं. पण जपून."

जपून? मुळीच नको! मित्रांनो, मला ओढा, आपटा, मळवा. खिळा वाकला तर हातोडी आहे. पण 'मला जमत नाही' म्हणत एखादी मुलगी घरी गेली, तर तिला कुठल्या सुताराकडे नेणार?